आधी नोंद, मग झाडू : गावातले वीरगळ जपताना

कोल्हापूर आणि भोवतालच्या गावांत जुने कोरीव दगड शोधावे लागत नाहीत. देवळाच्या पाराला टेकलेले, तालमीच्या दाराशी रोवलेले, विहिरीच्या काठाला धुण्याचा दगड म्हणून आडवे पडलेले, असे ते समोरच असतात. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड), सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा), दानाचे लेख (दिलेल्या दानाची दगडावर कोरलेली नोंद). यांतले पुष्कळसे कुठल्याच सरकारी यादीत नसतात, म्हणजे त्यांचं भलंबुरं तालमीच्या नाहीतर मंडळाच्या पोरांच्याच हातात असतं.

या दगडांना दुर्लक्षापेक्षा उत्साहाचा धोका जास्त. ऊन, पाऊस आणि अंग घासायला येणारी म्हसरं यांना काळा पाषाण शेकडो वर्षं पुरून उरलेला असतो. पण स्वच्छता मोहिमेची एक सकाळ, तारेचा ब्रश, संडास साफ करायचं ॲसिड आणि शेवटी चकचकीत ऑइल पेंट, एवढ्यात कोरलेले चेहरे जातात. म्हणून पहिले दोन रविवार दगडाला पाणीसुद्धा लावायचं नाही. फक्त नोंद. नोंद झालेला दगड उद्या रस्त्याच्या भरावात गेला किंवा चोरीला गेला, तरी तो कसा होता हे सांगता येतं आणि पोलिसांत जाताना फोटो आणि मापं हातात असतात.

दगड कोणाचा?

जवळपास पुरातत्त्व खात्याचा फलक आहे का ते आधी बघा. केंद्राची संरक्षित स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली येतात, राज्याची १९६० च्या. पन्हाळ्यासारख्या केंद्र संरक्षित जागी स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अशा ठिकाणी स्वयंसेवकांनी फोटो काढावेत, कचरा उचलावा, बाकी सगळं खात्याला पत्र लिहून.

संरक्षित नसेल तर जागा ग्रामपंचायतीची, महापालिकेची, एखाद्याच्या सातबाऱ्यावरची किंवा देवस्थानची असणार. आपल्याकडची बरीच देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत, त्यामुळे पुजारी ‘करा की’ म्हणाला म्हणजे परवानगी झाली असं नाही. एक पानी पत्र द्या. कोणता दगड, काय करणार, काय करणार नाही, कोण जबाबदार. पोहोच घ्या आणि ती वहीला लावून ठेवा.

खोदायचं मात्र अजिबात नाही. वीरगळाचा खालचा टप्पा (कोरीवकामाचा आडवा कप्पा) जमिनीत गाडलेला असला की हात शिवशिवतात, पण त्या मातीतल्या थरांचाही इतिहास असतो आणि फावड्यानं तो कायमचा जातो. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. करवीर तालुक्यातल्या बीडसारख्या गावी, जिथं शेतात सोन्याच्या जुन्या मुद्रा सापडल्याच्या बातम्या येतात, तिथं तर पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा. ‘सुरक्षित राहील’ म्हणून मूर्ती किंवा कोरीव दगड कुणी घरी नेऊन ठेवणं हेही चालत नाही. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं.

चार माणसं, एक पिशवी

चौघं पुरेत. एक मोजणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा आणि एक फक्त बोलणारा. चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दगडाभोवती चार डोकी दिसली की दहा मिनिटांत गावात ‘गुप्तधन काढाय आल्यात’ अशी आवई उठते. त्यानं पारावर बसून सगळ्यांना सांगत राहायचं. दिवसाला पाच-सहा दगड नीट होतात. वीस करायला गेलात तर घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या दगडाचा याचाच मेळ बसत नाही.

पिशवीत पाच मीटरचा टेप, दर सेंटिमीटरला काळी-पांढरी केलेली २० सेंटिमीटरची पट्टी, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल (शाई पावसात उतरते), दोन इंची मऊ केसांचा रंगाचा नवा ब्रश, चांगला टॉर्च आणि मोबाइलचा तिपाई स्टँड. खडू नको. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, भस्म किंवा तेल चोळायची सवय फार वाईट. भुकटी छिद्रात बसते, तेल धूळ धरतं, आणि चोळणाऱ्यानं चुकीची रेघ भरली तर पुढचा वाचणाराही तीच चूक वाचतो.

वहीत प्रत्येक दगडाला एक पान. वर क्रमांक, गावाच्या नावानं: ‘बीड-०७’. मग जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, दगड काळा पाषाण की जांभा, तोंड कोणत्या दिशेला, किती टप्पे, तडा, ठिसूळपणा, रंग, शेंदूर, सिमेंट यांतलं काय काय, पूजा होते का, कोण करतं, लोक काय नावानं ओळखतात. जागेसाठी मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश घ्याच, पण त्यांच्यावर विसंबू नका. उघड्या माळावरसुद्धा चार-पाच मीटरची चूक सहज होते, गल्लीत पत्र्यांखाली त्याहून जास्त. त्यासाठी न हलणाऱ्या दोन खुणांपासून टेपनं अंतर घ्या: ‘देवळाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ३.४० मी., विहिरीच्या पहिल्या पायरीपासून ६.१५ मी.’ पुढं रस्ता रुंद होताना दगड सरकवला तर नेमका किती सरकला हे यावरूनच कळतं. विजेचा खांब खूण म्हणून घेऊ नका, तो हलतो.

हे अक्षांश-रेखांश फेसबुकवर टाकू नका. गुप्तधनवाले आणि मूर्ती चोरणारे तुमच्यापेक्षा बारकाईनं वाचतात.

फोटो म्हणजे उजेडाचं काम

दुपारी बाराच्या उन्हात काढलेला वीरगळाचा फोटो म्हणजे नुसता काळा धोंडा. पुरातत्त्वाच्या छायाचित्रणातली निम्मी युक्ती तिरप्या उजेडाची आहे. संध्याकाळी दिवेलागणीला जा. मोबाइल स्टँडवर लावा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा, फ्लॅश बंद. आता टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, १०-१५ अंशांच्या कोनात. डावीकडून उजेड पडला की जिथं दिवसा नुसता खडबडीतपणा होता तिथं आधी गायींच्या पायांची रांग उठते, मग वीराचा मागे बांधलेला केसांचा बुचडा, मग हातातली ढाल. टॉर्च वरून धरला की डावीकडून न दिसलेली आडवी रेघ दिसते, आणि कधी कधी ती रेघ नसून लेखाची ओळ असते. म्हणून प्रत्येक टप्प्याचे तीन फोटो: डावीकडून, वरून, उजवीकडून उजेड देऊन. मोबाइल मात्र जागचा हलवायचा नाही.

दिवसा साधे फोटो वेगळे काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून, वरून, आणि दहा पावलं मागे जाऊन परिसरासकट. पट्टी दगडाला टेकवून ठेवा, चिकटवू नका. मागची बाजू विसरतेच. लेख तिथंही असू शकतो.

त्रिमितीय प्रत हवी असेल तर ढगाळ दिवस निवडा. दगडाभोवती दोन फेऱ्या, एक छातीच्या आणि एक गुडघ्याच्या उंचीवरून, मिळून ६० ते ८० फोटो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग आला पाहिजे. मेशरूमसारखी मोफत सॉफ्टवेअर बाकीचं करतात. फसतं ते बहुधा दोन कारणांनी: मध्येच झूम केला, किंवा कुणाची तरी सावली दगडावर फिरत राहिली.

हे फोटो ग्रुपवर फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतं आणि अक्षरांच्या कडा जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याच रात्री फाइलचं नाव बदला: ‘बीड-०७-पुढून-डावा उजेड-तारीख’. उद्यावर टाकलेलं हे काम कधीच होत नाही.

दगड वाचायचा कसा

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या टप्प्यात लढाई, किंवा वीर आडवा पडलेला. शेजारी गायी असतील तर गोधन वाचवताना आलेलं मरण. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. त्याच्या वर वीर शिवलिंगापुढं बसलेला, बहुतेक वेळा सोबत पुजारी. माथ्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर कीर्ती राहील. टप्पे तीन किंवा चार, कधी कमी-जास्त. शिवलिंगाच्या जागी बसलेला तीर्थंकर दिसला तर चकित होऊ नका. या भागात जैन परंपरा जुनी आणि भक्कम आहे.

सतीशिळेची खूण म्हणजे खांबातून बाहेर आलेला, कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात. गाय-वासरू, खड्ग आणि चंद्र-सूर्य एकत्र दिसले तर तो बहुधा दानाचा लेख आहे, खाली ओळी शोधा. कोल्हापूरच्या शिलाहारांचे, म्हणजे इथल्या मध्ययुगीन राजघराण्याचे, लेख संस्कृत आणि कन्नड दोन्ही भाषांत आहेत. त्यामुळे ‘मोडीसारखं काहीतरी’ असं वहीत लिहू नका. गोल वळणाची अक्षरं हळेकन्नड, म्हणजे जुनं कन्नड, असू शकतात आणि त्यांना जाणकार वेगळा लागतो. ‘वाचता आलं नाही, ओळी ९’ एवढं लिहिलं तरी नोंद पुरी.

शकाचा आकडा स्पष्ट लागला तर त्यात ७८ मिळवून इसवी सन येतं. पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन या काळातला लेख असेल तर ७९. म्हणून तिथी-महिना सापडेपर्यंत एकच सन ठोकून सांगू नका. नवीन लेख सापडला असं जाहीर करण्याआधी तो वाचून झालेला नाही ना, तेही तपासा. कोल्हापूरचं १८८६ चं गॅझेटियर आणि वा. वि. मिराशींनी संपादित केलेले, १९७७ साली प्रसिद्ध झालेले शिलाहारांचे लेख, एवढं चाळलं तरी निम्मे ‘शोध’ तिथंच मिटतात.

लेखाचा ठसा घेण्याची पद्धत दिसायला सोपी आहे. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवायचा आणि वर शाईची पुरचुंडी फिरवायची. पण कागद फाटला की शाई थेट दगडात उतरते आणि निघत नाही. हे काम जुने कोरीव लेख वाचणाऱ्या जाणकारासाठी सोडा; तिरप्या उजेडातले फोटो त्याला वाचायला बहुधा पुरतात.

लोकांकडून काय विचारायचं

पुस्तकात ज्याला वीरगळ म्हणतात त्याला गावात म्हसोबा, वेताळ किंवा नुसतं ‘थोरला धोंडा’ म्हणत असतील. ते नाव खोडून आपलं लिहू नका, दोन्ही लिहा. वृद्ध माणसाला ‘या शिल्पाचा इतिहास काय?’ असं विचारलं तर ‘मला काय ठावं, शिकलेल्यांनाच इचारा’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा, ‘आजी, ह्या दगडाला तुम्ही काय म्हणतासा? तुमी लग्न होऊन आलासा तवा कुठं हुता ह्यो?’ दुसऱ्या प्रश्नातून हमखास काहीतरी निघतं. दगड आधी वेशीत होता, बांध घालताना इकडं आणला, अमक्या सालच्या पुरात पडला. रेकॉर्डिंगला संमती विचारा, मोबाइल विमान मोडवर टाका, आणि सुरुवातीला तारीख, गाव, सांगणाऱ्याचं नाव बोलून घ्या. ऐकीव गोष्ट खोटी वाटली तरी तशीच ठेवा. तपासणं वेगळ्या रकान्यात.

आता पाणी

हवामान कोरडं हवं, म्हणजे दिवाळी ते फेब्रुवारी. साधं स्वच्छ पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, खाचेसाठी बांबूची काडी. साबण, सोडा, लिंबू, चिंच, ॲसिड काहीही नको. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे खनिज खडे असतात, त्यांतल्या कॅल्साइटला ॲसिड खातं आणि तिथं नवी भोकं पडतात. जुन्या चुन्याच्या दरजा तर ॲसिडनं फसफसून निघून जातात. प्रेशर वॉशरनं जांभ्याचा वरचा थर उडतो.

आधी मागच्या बाजूला पाच बाय पाच सेंटिमीटरवर करून बघा. वाळल्यावर पावडर सुटत असेल किंवा पापुद्रे निघत असतील तर थांबा, तो दगड तुमच्या हातचा नाही. बरा वाटला तर दगड खालून वर भिजवत न्या. वरून सुरू केलं की मळकं पाणी खालच्या कोरड्या दगडात मुरतं आणि ओघळ उमटतात. शेवाळ भिजून मऊ होऊ द्या, पंधरा मिनिटं, मग ब्रशनं गोल गोल, जोर न लावता. दगडफुलाचे राखाडी-पिवळे ठिपके निघत नसतील तर राहू द्या. ते खरवडताना त्याखालचा दगडही येतो.

ऑइल पेंट लागलेला असेल तर हात जोडा. गॅसची ज्योत, ग्राइंडर, पेंट रिमूव्हर यांतलं प्रत्येक हत्यार रंगाबरोबर कोरीवकामही नेतं. रंग काढणं हे संवर्धकाचं काम. तुमचं काम पुढचा थर लागू न देणं.

शेंदूर हा वेगळा मामला, आणि इथं पोरं भांडण ओढवून घेतात. पूजेतला देव आहे. इतिहासासाठी त्याचा शेंदूर खरवडायचा हक्क कुणाला नाही. वर्षानुवर्षांचा तेल-शेंदूर साचून त्याचं कवच होतं आणि कधी ते आपोआप सुटून पडतं. अशी खोळ सुटली तर पुजाऱ्याच्या संमतीनं नवा शेंदूर चढण्याआधी, त्याच दिवशी, फोटो आणि मापं घ्या. अशी संधी पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

भेगेत पिंपळ उगवला असेल तर ओढू नका. पेन्सिलीपेक्षा जाड मूळ ओढलं की दगडही येतो. बुंध्याशी कापा आणि फुटवे आले की दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा कापत राहा. रॉकेल-मीठ ओतू नका. मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत फुगतात आणि त्याला आतून फोडतात.

पडलेला दगड उभा करताना

सव्वा मीटर उंच, अर्धा मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड एवढा साधा वीरगळ साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. चार पैलवानांनी ‘हरहर महादेव’ म्हणून उचलायचा नसतो. तिपाई, चेन पुली आणि रुंद कापडी पट्टे घ्या. साखळी थेट दगडाला लावू नका, मध्ये पोती. तडा असेल तर पट्टा तड्याच्या वर-खाली दोन्हीकडे. परवानगी असेल तरच, आणि जाणकार समोर असतानाच. रोवण्याआधी जमिनीत जाणाऱ्या भागाचाही फोटो काढा.

खड्ड्यात काँक्रीट नको. तळाला खडी, भोवती मुरूम ठोकून भरायचा, म्हणजे पाणी निचरतं आणि पुढं कुणाला दगड काढायचा झाला तर निघतो. सिमेंट ओल धरून ठेवतं, त्यातले क्षार दगडात चढतात आणि जमिनीलगतचा भाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. सांधा भरावाच लागला तर विरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली जाड वाळू तीन भाग. वर आठवडाभर ओलं पोतं. देवळाच्या भिंतीत टाइल्सच्या चौकटीत वीरगळ बसवणं हल्ली फार दिसतं. दिसायला झ्याक, पण मागची बाजू कायमची गेली आणि ओल आत कोंडली.

पूर आणि कागद

दगडाला पुराचं फार भय नाही, पंचगंगा घाटावरच्या समाध्या दर पावसाळ्यात पाण्यात जातात. भय आहे ते वहीला, मोडी कागदांना आणि घरोघरच्या जुन्या फोटोंना. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पाणी ३९ ला आलं की मंडळाचं कपाट वरच्या मजल्यावर. ४३ ची वाट बघायची नाही. २०१९ आणि २०२१ ला ते ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं.

भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. पंख्याखाली, सावलीत, मध्ये टीपकागद घालून वाळवा. गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. ओळखीच्या आइसक्रीमवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे होऊ देऊ नका, थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हळू सोडवा. नोंदींच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक पूररेषेबाहेरच्या गावी आणि एक कागदावर छापलेली.

वर्षाची फेरी

पाऊस थांबला की प्रत्येक दगडाचा त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून फोटो काढून मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून बघा. तडा वाढला का, झुकला का, पायथ्याशी पाणी साचतं का. तड्यावर पेन्सिलीची खूणसुद्धा नको, फोटोत पट्टी दिसते तेवढं पुरतं. फलक लावायचा तर दगडापासून तीन फुटांवर स्वतंत्र खांबावर. साठ-सत्तर शब्द, आणि त्यात ‘शिवकालीन’ हा शब्द पुरावा असेल तरच.

या फेरीची वेळ भाद्रपदाच्या मध्याला, नवरात्राच्या पंधरा दिवस आधी धरा. गावोगाव देवळं रंगवायला काढतात ती तेव्हाच. भिंतीचा रंग उरतो आणि उरलेला डबा दगडाला लागतो, एवढी साधी गोष्ट असते. रंगाऱ्याला कामाच्या आदल्या दिवशी गाठा, दगडावर जुनी चादर टाकून सुतळीनं बांधा, आणि डब्यात उरलेला रंग कुठं लावायचा, पाराच्या कठड्याला की दारच्या चौकटीला, तेही त्याला तिथंच सांगा.